सासूचा प्रवेश

माझ्या धाकट्या लेकीचं, इंदूचं लग्न झालं ते साल एकोणीसशे ब्याण्णव. तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ तिचं. मांडवाचे वासे अजून अंगणाच्या कडेला रचलेलेच होते, तोवर आमच्या गावची जत्रा आली. जत्रेच्या दुपारी दाजी मेस्त्री आमच्या पडवीत जेवून सुपारी कातरत बसले होते, आणि मी माजघराच्या दाराआड वही घेऊन उभी होते. पुढे व्हावं की नाही, ठरत नव्हतं.

जत्रेला दशावतारी मंडळी आली की गाव त्यांना जेवायला घरोघर वाटून घेतं. आमच्या वाट्याला दरवर्षी दोघे यायचे, दाजी मेस्त्री आणि त्यांचे पेटीवाले पास्तेबुवा. दाजी बाईचं काम करायचे. पन्नाशी उलटलेला, गालफडं बसलेला माणूस, पण लुगडं नेसून बाकावर येऊन बसला की देवळासमोरच्या सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. त्यांच्या नाटकाला लिहिलेलं पुस्तक नसतं. कथा ठरते, कोण काय होणार ते ठरतं. बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. समोरचा काय बोलेल ते ठाऊक नाही, तरी त्याला उत्तर द्यायचं. दाजींना उत्तर सापडलं नाही असं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

अशा माणसाला मला माझी गोष्ट ऐकवायची होती.

गोष्ट मी लिहिली होती हे तोवर फक्त आमच्या वर्गाला ठाऊक. आदल्या वर्षी गावात साक्षरता वर्ग सुरू झाला. शाळेच्या पडवीत दुपारी बायका जमायच्या, शुभदाबाई शिकवायच्या. पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी पाटी धरली. पहिल्यांदा नाव लिहिलं, मग घरातल्यांची नावं, मग बाई म्हणाल्या, "द्वारकाबाई, मनातलं काहीतरी लिहा." मी लिहीत गेले. कापणी झाली, मळणी झाली, मी लिहीतच होते. वर्गात वाचून दाखवली तेव्हा सगळ्या रडल्या. चंपा कुंभारणीने तर गोष्टीतल्या सासूला बसल्या जागी शिव्या घातल्या. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "एक अक्षर बदलू नका. पुढच्या वर्षी नवशिक्यांच्या लेखनाचा दिवाळी अंक निघणार आहे, त्याच्यासाठी सोमवारी सावंतवाडीला पाठवते."

म्हणजे ती छापून येणार होती. लोक वाचणार होते. मला तेच हवं होतं. गोष्टीतली सून तुळसा होती, पण जे तुळसाचं झालं ते माझं झालं होतं, आणि ते कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणावं याची वाट बघत मी इतकी वर्षं गप्प बसले होते.

फक्त एक व्हायला नको होतं. माझ्या सासूच्या कानावर ते जायला नको होतं. इंदू गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो होतो. घरधनी आधीच वारले, मुलगा बेळगावला. सासूला मी आये म्हणायची. आयेची नजर गेली होती, पण कान शाबूत. त्या दुपारी ती जेवून खोलीत निजली होती. मी दोनदा जाऊन बघून आले. घोरत होती.

"काय गो वयनी, दाराक कित्याक चिकटलंस?" दाजींनीच हाक मारली. "हातात काय ता? लग्नाचो हिशोब दाखवतंस की काय?"

"हिशोब नाय. गोष्ट लिवलंय. ऐकशात?"

पास्तेबुवा उताणे पडले होते, ते उठून बसले. "आता गे बाय! दाजीनू, सांभाळा. गावातल्यो बायको लिवक लागल्यो तर आपली पेटी विकूची लागतली."

"तू गप रे. वाच गो वयनी."

मी उंबऱ्यावर बसून वाचली. बोट ओळीखाली धरून, हळू आवाजात. तुळसा लग्न होऊन येते. घर मोठं, कष्ट मोठे. आश्विन सरता सरता भाताची कापणी सुरू होते, आणि तिकडे माहेरी तिचा बाप अंथरुणाला खिळतो. बांगड्या भरणारा कासार गावोगाव फिरत असतो, त्याच्या तोंडून माहेरचा निरोप येतो, बापाला बघायचं तर लगेच ये. तुळसा शेतात असते. निरोप सासूला मिळतो. सासू तो गिळून टाकते. कापणी उरकते, झोडणी उरकते. मग तुळसाला कळतं, तेव्हा बापाचा बारावाही होऊन गेलेला असतो. पुढे बरीच वर्षं जातात. सासूला लकवा होतो. ती पाणी पाणी करते, आणि सून पाण्याचा तांब्या तिच्या हाताला पोचणार नाही इतका लांब ठेवून निघून जाते. सासू तशीच मरते. तिथे गोष्ट संपत होती.

वाचून झालं. अंगणात कोंबड्या मांडवाच्या वाशांखाली उकरत होत्या.

"वा," पास्तेबुवा म्हणाले. "शेवटाक अंगार काटो इलो."

दाजींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं, ते गालात धरून बसले.

"दाजीनू, कशी असा?" मी विचारलं.

"सून बरी असा. बापूस बरो. कासार तर फक्कड, तेका मी आजच्या नाटकात घेतंय, कोणाक सांगा नको." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण वयनी, सासू खय असा?"

"खय म्हणजे? सगळीकडे तीच तर असा."

"नाय. तिचो प्रवेशच नाय."

मला कळलं नाही.

"आमचो राक्षस बघलंस मा? तो पयलो काय करता? येता, नाचता, बाकार बसता. मी कोण, खयसून इलंय, माका काय होया, ता सगळा सांगता. देवापेक्षा जास्त बोलता मेलो. मगे मरता. तू तुझ्या सासूक एक शब्द बोलूक दिलंस नाय. इली, निरोप गिळल्यान, लकवो झालो, मेली. राक्षसाक मिळता तितक्यापण तिका मिळूक नाय."

"ती काय बोलतली?" माझा आवाज चढला. "तिका बोलूक तोंड असा काय?"

"असा की नाय ता बघूया." दाजींनी खांद्यावरचा पंचा काढला, डोक्यावरून घेतला, कानामागे खोचला. "मी सासू. तू सून हो. इचार माका."

"माका नाटक येणा नाय."

"नाटक कोणाक येता? आमका तरी खय येता? इचार."

पास्तेबुवा सरसावून बसले. दाजी पाटावरून उठून पडवीच्या कठड्यावर बसले. एक गुडघा वर घेतला, हात कमरेवर ठेवला. एवढंच केलं त्यांनी. पण आयेची बसायची तऱ्हा तीच होती.

"काय गो," दाजी बाईच्या आवाजात म्हणाले. खोटा बारीक आवाज नव्हता तो, जुन्या बाईचा जाड आवाज होता. "सांजेक पेज कोण करतलो, तुझो बापूस?"

"माझो बापूस गेलो," मी म्हटलं.

"गेलो तर गेलो. म्हाताऱ्याचा काय ता. सगळे जातले."

"निरोप इल्लो. तुमी माका सांगूक नाय."

"सांगतलंय कशी? भात शेतात आडवा पडल्ला. वर ढग. घरात न्हानमोठी इतकी तोंडां, आणि शेतात हात कोणाचे? तुझे नि माझे. भात भिजला असता तर वर्षभर तुझो बापूस घालतलो होतो जेवक?"

"एक दीस. तुमी एक दीस माका सोडलात असतात तर काय बिघाडला असता?"

"एक दीस म्हणतंस आणि मगे धा दीस रवतंस. माहेराक गेलली सून कधी वेळार इली?"

"मी इलंय असतंय! मी कधी वेळ चुकवलंय? सांगा! कधी चुकवलंय मी, आये?"

आये म्हटलं ते माझ्या तोंडून निसटलं. गोष्टीत तुळसा सासूला आत्याबाई म्हणायची. पास्तेबुवा तोंडातलं पान चघळायचे थांबले. दाजींच्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्यांनी माझ्या मागे, माजघराच्या अंधाराकडे एकदा पाहिलं, पण पंचा काढला नाही. सुरू झालेला प्रवेश अर्ध्यात सोडायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी आवाज खाली आणला.

"माका काय बरा वाटला गो?" ते म्हणाले. "राती पडलंय तेवा माझ्या डोळ्यांक पाणी इला. पण घर माझ्या डोक्यार. काळीज दगडाचा केलंय मी, घरासाठी. तुका काय कळताला..."

"खोटा बोलता तो."

आवाज माझ्या पाठीमागून आला.

आये दाराच्या चौकटीला धरून उभी होती. केस सुटलेले, डोळे कुठेच न बघणारे. मी वही पदराखाली घातली. तिला दिसत नव्हतं, तरी घातली.

"काकी, निजलात नाय?" दाजी पंचा ओढून घेत उठले.

"तुमी नाटकवाले भर दुपारी बोंब मारतात, तेतूर कोण निजतलो? बस. आणि डोक्यावरचो पंचो काढ. लुगडा नेसला म्हणान कोण सासू होणा नाय." ती चाचपडत उंबऱ्यावर माझ्या शेजारी बसली. आमचे गुडघे एकमेकांना लागले. "भाताचा काय सांगी होतंस रे तू?"

दाजींना उत्तर सापडलं नाही. मी पहिल्यांदाच ते पाहिलं.

"भात अर्धा घरात इल्ला. ढग नाय होते, बिग नाय होते. वाडीतली माणसां हात लावक तयार होती. हिका पाठवली असती तर काय अडाचा नाय होता."

"मगे?" हे पास्तेबुवांनी विचारलं.

आयेने दोन्ही हात मांडीवर ठेवले. हातांत काकणं नव्हती, सासरे गेल्यापासून नव्हती. ती मनगटावरून बोट फिरवत राहिली.

"तो कासार माका काकणां भरी होतो. हिरवी. हात माझो तेच्या हातात. आणि भरता भरता म्हणता, 'काकी, सुनेक तुमच्या धाडा. बापूस तिचो रातदीस तिचाच नाव घेता. द्वारका इली काय, द्वारका इली काय.' माझी आवय गेली तेवा मी ह्याच घरात होतंय. माका कोणी बोलवक इलो नाय. म्हयन्यान कळला. बाजारात कोणी तरी सहज बोलला, म्हणान कळला. माहेरच्यांका माझी आठवणच झाली नाय. आणि हिचो बापूस मरता मरता हिचा नाव घेता." ती थांबली. "माका बरा नाय वाटला. म्हणान सांगूक नाय. भात नाय, घर नाय, काय नाय."



मग ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "आणि लकवो कित्याक आणलंस गो माका? दुसरी कसली बरी दुखणी नाय होती? मारलंस ता मारलंस, वायंच पाणी तरी पाजूचा होता."

पास्तेबुवांना हसू फुटलं आणि ते खोकल्यासारखं करत अंगणात गेले. दाजींनी पंचा झटकून खांद्यावर टाकला. जाताना पायरीवर थांबले.

"वयनी, आता मी सांगूचा काय उरला नाय," ते म्हणाले. "प्रवेश झालो."

रविवारपर्यंत मी शेवट फाडला आणि नवा लिहिला. आयेशी मी त्या दिवसांत कामापुरतं बोलले. राग होता की काय होतं, मला सांगता यायचं नाही. चूल पेटवताना, पाणी भरताना माझ्या कानात एकच, द्वारका इली काय. बापाने माझं नाव घेतलं होतं हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कासाराने मला निरोप तेवढा सांगितला होता, तोही उशिरा. नाव घेतल्याचं आये सांगत होती.

नव्या गोष्टीत मी सासूला प्रवेश दिला. ती काकणं भरते, निरोप ऐकते, तिला आपली आई आठवते. निरोप ती सांगत नाही, पण त्या रात्री ती जेवत नाही. देवासमोर बसून रडते. पहाटे सुनेला उठवायला जाते आणि दारातून परत फिरते.

सोमवारी सकाळी बाईंकडे जायच्या आधी मी ती आयेला वाचून दाखवली. अंगणात ऊन आलं होतं. ती सुपात तांदूळ घेऊन बसली होती. दिसत नसलं तरी बोटांनी खडे काढायची. मी वाचत असताना तिचं बोट थांबलं नाही. संपल्यावर म्हणाली,

"ही कोण?"

"कोण म्हणजे? सासू."

"माझी जाऊ असात. मी इतकी बरी नाय होतंय."

"आये..."

"रडलंय खय मी? देवापुढे बसलंय खय? आणि जेवूक नाय म्हणान लिवलंस. मी जेवलंय त्या राती. कुळथाची पिठी होती. दोनदा घेतलंय." तिने एक खडा काढून अंगणात फेकला. "पयली लिवलंस ती सासू खोटी होती, वायट म्हणान. ही खोटी, बरी म्हणान. त्या दाजीचा ऐकलंस आणि माका लुगडा नेसवलंस."

मी तिथेच अंगणात बसून ते काढून टाकलं. रडणं काढलं, देव काढला. पिठी घातली. दोनदा घेतली ते घातलं. पेन्सिल बोथट झाली म्हणून विळीवर टोक काढलं आणि पुन्हा बसले. मग मी तिला विचारलं. इतकी वर्षं ते विचारायची माझी छाती झाली नव्हती, आणि गोष्ट हातात नसती तर त्या दिवशीही झाली नसती.

"आये, मागाहून कधी तुमका वाटला काय? चुकला म्हणान?"

तिचं बोट थांबलं. सुपातले तांदूळ तिने एकदा पाखडले, नीट सारखे केले.

"ता लिवा नको," ती म्हणाली. "ता माझा असा."

मी ते लिहिलं नाही. गोष्ट पिठीवर संपवली.

शुभदाबाईंनी ती उभ्या उभ्या वाचली, मग बसून वाचली. त्यांचा चेहरा पडला. "अहो, हे काय केलंत? पहिली किती छान होती. सगळ्या रडल्या होत्या. आता वाचणाऱ्याने कुणाची बाजू घ्यायची?"

"माका पण कळणा नाय, बाई," मी म्हटलं.

"मग पहिलीच पाठवूया ना. माझ्याकडे तिची नक्कल आहे. ती नक्की छापतील. ही छापतील असं मला वाटत नाही, द्वारकाबाई. खरंच सांगते."

मला छापून यायला हवं होतं. अंकात माझं नाव, द्वारका पालव, आणि खाली गावाचं नाव, हे मी मनात कितीदा लिहून बघितलं होतं. चंपाला, वाडीला, माहेरच्यांना दाखवायचं होतं. मी पायरीवर उभी राहिले. शाळेत पोरं पाढे म्हणत होती.

"हीच धाडा," मी म्हटलं. "नाय छापली तर नाय छापली."

पुढच्या पावसाळ्यात पेज घेताना आये कधी कधी म्हणायची, "ता वाच गो." मी वाचायची. ती दरवेळी पिठीपाशी आली की मान हलवायची, काही बोलायची नाही. एकदा मात्र मध्येच म्हणाली, "काकणां हिरवी लिवलंस मा? हां. हिरवीच होती." निजायच्या आधी एकदा तिने माझ्याकडे बघत म्हटलं, म्हणजे आवाजाच्या रोखाने बघत, "तुझो बापूस नाव घेय होतो ता लिवलंस ता बरा केलंस."

त्यानंतर आम्ही ती गोष्ट घरात काढली नाही. गरजच पडली नाही. कामाला लागलं तर एकमेकींना हाक मारायची, हाकेला ओ द्यायची, असं दोघींचं चालायचं.

दिवाळीला अंक आला. गोष्ट छापून आली होती, कुठे कुठे शब्द बदललेले, पण पिठी होती. वर्ग संपल्यावर गावातून गेलेल्या शुभदाबाई स्वतः अंक घेऊन घरी आल्या. मी त्यांना पडवीत बसवलं, चहा केला. त्यांनी माझं नाव असलेलं पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, आयेंना वाचून दाखवलीत का?

आये तेव्हा नव्हती. ती त्या सालच्या, म्हणजे एकोणीसशे त्र्याण्णवच्या भाद्रपदात, गणपती पोचवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी झोपेतच गेली. तिचं नाव भागीरथी विष्णू पालव.